वस्ताद, कोच आणि प्रशिक्षक : अपेक्षांची एक भाषिक चिकित्सा

१

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी किताबाची कुस्ती स्पर्धा जालना येथे भरली होती. अंतिम लढतीत बुलढाण्याकडून उतरलेल्या बाला रफिक शेख याने आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके याचा पराभव केला. विजेत्याचा जो परिचय तेव्हा सर्वत्र दिला गेला, त्यात त्याच्या गावाबरोबर कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीचा आणि हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांचा उल्लेख अपरिहार्यपणे होता. आंदळकर त्याच वर्षी सप्टेंबरात निवर्तले होते आणि मल्लही दरम्यान पुण्यात सराव करू लागला होता. तरीही ‘आंदळकरांचा पठ्ठा’ ही ओळख पुसली गेली नाही. कुस्तीच्या परंपरेत मल्ल तालीम बदलतो, क्वचित वस्तादही बदलतो. परंतु मल्ल हरला म्हणून वस्तादाला तालमीतून काढावे, अशी मागणी ऐकू येत नाही.

त्याच सुमारास मुंबईच्या रणजी क्रिकेट संघात याच्या अगदी उलट व्यवहार चालू होता. जानेवारी २०१७ मध्ये अंतिम सामना हरल्यापासून २०२३ पर्यंत त्या संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी एकामागून एक सहा व्यक्तींची नेमणूक झाली. खेळ निराळे, संस्था निराळ्या, पैशाची उलाढालही निराळी, हे खरेच. तथापि शिकविणाऱ्याकडून नेमके काय अपेक्षित असते, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच आहे. आणि मराठीत त्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी शब्दांच्या आड दडलेले आहे. ते शब्द तपासून पाहणे आणि त्यांच्या आधारे प्रशिक्षकबदलाच्या रूढ समर्थनाची चिकित्सा करणे, एवढाच येथे हेतू आहे. या चिकित्सेचा शेवट महाविद्यालयीन मैदानावर होतो; कारण या गोंधळाची सर्वांत मोठी किंमत तेथे मोजली जाते.

२

खेळ शिकविणाऱ्याला मराठीत आज प्रामुख्याने तीन शब्द आहेत : वस्ताद, कोच आणि प्रशिक्षक. ‘सर’ हे संबोधन त्यांच्या जोडीला आहेच. परंतु ते पदाचे नाव नव्हे.

‘वस्ताद’ हे फारसी ‘उस्ताद’चे मराठी रूप. मराठीत त्याला दोन अर्थच्छटा आल्या. एक, विद्येत पारंगत होऊन ती दुसऱ्याला देणारा. दुसरी, व्यवहारात पक्का, सहजी न फसणारा माणूस. दोन्हींत समान असा अंश आहे तो मुरलेपणाचा. वस्ताद एका हंगामात होत नाही आणि एका हंगामात संपतही नाही. त्याच्याबरोबर येणारा ‘तालीम’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला. मुळात त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. मराठीने तो शिक्षणाच्या जागेला लावला आणि नाटकाच्या सरावालाही लावला. म्हणजे शिकण्याची क्रिया, तिची जागा आणि तिची पुनरावृत्ती ही तिन्ही एकाच शब्दात सामावली. या शब्दकुळात निकालाचा संबंध कोठेच येत नाही.

‘कोच’चा इतिहास निराळा आहे. हंगेरीतील कोच नावाच्या गावी बनणाऱ्या घोडागाडीवरून हा शब्द युरोपीय भाषांत पसरला आणि इंग्रजीत तो गाडीवाचक झाला. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरत्या शिकवणीदाराला थट्टेने हे नाव दिले : विद्यार्थ्याला गाडीत घालून परीक्षेच्या पलीकडे पोहोचविणारा तो कोच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच शब्द खेळात स्थिरावला. तेव्हा कोच या शब्दाच्या मुळाशी तारून नेण्याची कल्पना आहे. ठरावीक तारखेची परीक्षा, ठरावीक मोबदला आणि पार झालो की नाही हे दाखविणारा निकाल, या तीन गोष्टी त्याच्या अर्थात गृहीत आहेत.

‘प्रशिक्षक’ हा विसाव्या शतकातील प्रशासकीय मराठीने रूढ केलेला शब्द. त्यातील ‘शिक्ष्’ हे रूप तुलनात्मक व्याकरणकारांच्या मते ‘शक्’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून आले आहे. ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे. ‘शिक्ष्’ म्हणजे समर्थ होऊ इच्छिणे. या व्युत्पत्तीप्रमाणे शिक्षक हा समर्थ होण्याच्या इच्छेला हात देणारा ठरतो. इच्छा शिकणाऱ्याची, सामर्थ्यही त्याचेच. परंतु रोजच्या वापरात ‘प्रशिक्षक’ या शब्दाने व्युत्पत्तीचा हा अर्थ घेतलेला नाही. नेमणूकपत्रात तो ‘कोच’चा पर्याय म्हणून येतो आणि गौरवपर भाषणात मात्र ‘वस्ताद’चा पर्याय म्हणून उच्चारला जातो. एकाच शब्दावर दोन निरनिराळ्या अपेक्षांचे ओझे पडते, ते येथे.

हा फरक षष्ठी विभक्तीत फार स्पष्ट दिसतो. ‘आंदळकरांचा पठ्ठा’, ‘आचरेकरांचा शिष्य’ या प्रयोगांत शिकणारा हा शिकविणाऱ्याचा असतो. ‘मुंबईचा प्रशिक्षक’, ‘महाविद्यालयाचा प्रशिक्षक’ या प्रयोगांत शिकविणारा हा संस्थेचा असतो आणि शिकणाऱ्याचे नावच त्यातून नाहीसे होते. पहिला संबंध तोडायचा झाल्यास तो दोन माणसांनी तोडावा लागतो, आणि तोडल्यावरही तो सांगितला जातोच. दुसरा संबंध ठरावाने जोडला जातो आणि ठरावानेच संपतो. जबाबदारीची दिशा कोणती, हे ‘चा’ या प्रत्ययाच्या कोणत्या बाजूला कोण उभा आहे, यावरून ओळखता येते.

३

आता मुंबईचे उदाहरण तपशिलाने पाहावे. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या या संघाच्या बाबतीत विजय ही बातमी नसून पराभव हीच बातमी असते. २०१५-१६ च्या हंगामात चंद्रकांत पंडित यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने एकेचाळिसावे विजेतेपद मिळविले. पुढच्याच हंगामात, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूर येथील अंतिम सामन्यात गुजरातने मुंबईला पाच गडी राखून हरविले. एक विजेतेपद आणि एक उपविजेतेपद अशी दोन वर्षांची कामगिरी असताना पंडित यांच्या जागी समीर दिघे आले. २०१७-१८ मध्ये संघ उपांत्यपूर्व फेरीत कर्नाटकाकडून डावाने हरला. दिघे एका हंगामापुरतेच राहिले. त्यांच्यानंतर विनायक सामंत आले. त्यांच्या काळात मुंबईने २०१८ मध्ये विजय हजारे करंडक जिंकला. परंतु रणजीच्या दोन्ही हंगामांत संघ बाद फेरीत पोहोचला नाही. २०२०-२१ मध्ये अमित पागनीस यांच्याकडे सूत्रे आली. मुश्ताक अली स्पर्धेतील निराशाजनक कामगिरीनंतर ते पायउतार झाले. रमेश पोवार यांच्या मार्गदर्शनाखाली मार्च २०२१ मध्ये संघाने पुन्हा विजय हजारे करंडक मिळविला आणि पोवार लवकरच भारतीय महिला संघाकडे गेले. त्यांच्या जागी आलेल्या अमोल मुझुमदार यांच्या पहिल्याच रणजी हंगामात मुंबईने अंतिम फेरी गाठली. जून २०२२ मध्ये बंगळुरू येथे मध्य प्रदेशाने तिला सहा गडी राखून हरविले. पुढच्या हंगामात संघ बाद फेरीपासून वंचित राहिला. २०२३ मध्ये ओंकार साळवी आले आणि मार्च २०२४ मध्ये वानखेडे मैदानावर विदर्भाला १६९ धावांनी हरवून मुंबईने बेचाळिसावे विजेतेपद मिळविले.

बदलांची कारणे प्रत्येक वेळी सारखी नव्हती. कोणी स्वतःहून गेले, कोणाला अधिक मोठे पद मिळाले, कोणाच्या जागी संघटनेने दुसरा माणूस आणला. परंतु हे वेगळेपण वृत्तांताच्या भाषेत टिकत नाही. क्रीडावृत्तांची मराठी या प्रसंगी विलक्षण समृद्ध होते : नारळ, डच्चू, गच्छंती, उचलबांगडी, हकालपट्टी. यांपैकी ‘नारळ देणे’ हा वाक्प्रचार विशेष लक्षणीय आहे. सन्मानाने निरोप देण्याचा विधीच येथे बडतर्फीचे सौम्य नाव झाला आहे. पदावरून जाण्याला पाच शब्द आणि पदावर राहून हळूहळू संघ उभा करण्याला एकही खास शब्द नाही, ही विषमता केवळ शब्दकोशाची नव्हे. समाज कोणत्या घटनेची वाट पाहतो, हे त्यावरून कळते.

शब्दांइतकीच वाक्यरचनाही बोलकी आहे. विजयाची वाक्ये बहुधा ‘संघाने विजय मिळविला’ अशी, कर्ता पुढे ठेवून येतात. बदलाची वाक्ये ‘प्रशिक्षक बदलण्यात आला’, ‘नवी नेमणूक करण्यात आली’ अशी येतात. ‘-ण्यात येणे’ ही रचना कार्यालयीन मराठीची आवडती आहे, कारण तिच्यात कर्ता सांगावाच लागत नाही. कोणी बदलला, कोणत्या बैठकीत बदलला, त्या बैठकीने स्वतःच्या कोणत्या निर्णयाची झडती घेतली, हे विचारण्याची जागाच वाक्यात राहत नाही. पराभवाच्या वाक्यात प्रशिक्षक हा करणकारक म्हणून हजर असतो, ‘त्यांच्या मार्गदर्शनाखाली’ संघ हरलेला असतो. नेमणारे मात्र कोणत्याच कारकात सापडत नाहीत. निर्णयाची भाषा ही अशी निर्णय घेणाऱ्याला झाकते.

४

येथवरच्या विवेचनावरून घाईने असा निष्कर्ष काढला जाईल की, प्रशिक्षकाला दीर्घ मुदत द्यावी म्हणजे विजय आपोआप येतो. परंतु वरील उदाहरणच या निष्कर्षाच्या आड येते. पंडित यांनी मुंबईला पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवून दिले. मुंबई सोडल्यावर ते विदर्भाकडे गेले आणि तेथेही पहिल्याच हंगामात, जानेवारी २०१८ मध्ये, विदर्भाने दिल्लीला हरवून आपले पहिले रणजी विजेतेपद मिळविले. पुढच्या वर्षी ते राखले. २०२२ मध्ये मुंबईला हरविणाऱ्या मध्य प्रदेशाचे प्रशिक्षकही पंडितच होते. तेवीस वर्षांपूर्वी याच बंगळुरूच्या मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते. साळवी यांनाही पहिल्याच रणजी हंगामात यश आले. तेव्हा अल्प मुदतीत विजय अशक्य आहे, हे म्हणणे टिकत नाही.

मग या उदाहरणाचा बोध कोणता? पंडित हे शब्दाच्या मूळ अर्थाने कोच आहेत. परीक्षेच्या तोंडावर आलेल्या संघाला शिस्तीने पार नेणे, ही त्यांची विद्या. परंतु पार नेण्याजोगा संघ आधी कोणीतरी घडविलेला असावा लागतो. मुंबईत ते काम मैदानांनी केले : शालेय ढाल स्पर्धांनी, १९४८ पासून भर पावसात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगने आणि शिवाजी पार्कवर पिढ्यान्‌पिढ्या मुले घडविणाऱ्या रमाकांत आचरेकरांसारख्या वस्तादांनी. विदर्भात वयोगटांच्या संघांची बांधणी झालेली होती आणि वासिम जाफरसारखा बाहेरून आलेला अनुभवी फलंदाज हाताशी होता. ही पूर्वतयारी असते तेथे कोच बदलल्याने फारसे बिघडत नाही, प्रसंगी साधतेही. ती नसते तेथे कितीही कोच आणले तरी गाडी रिकामीच धावते.

आचरेकरांचा उल्लेख येथे केवळ आदरापोटी केलेला नाही. १९९० चा द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० ची पद्मश्री मिळालेल्या या शिक्षकाच्या नावापुढे विजय-पराभवांचा तक्ता कोणी मांडत नाही. सचिन तेंडुलकरपासून सुरू होणारी शिष्यांची यादी मांडली जाते. त्याच यादीत चंद्रकांत पंडित आहेत आणि अमोल मुझुमदारही आहेत. मात्र हे शिष्य स्वतः प्रशिक्षक झाले तेव्हा त्यांना निराळा मापदंड लागला : हंगाम आणि निकाल. मुझुमदार पुढे भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात त्यांचा संघ साखळीत लागोपाठ तीन सामने हरला आणि नंतर २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वविजेता झाला. निकाल कोणत्या दिवशी वाचला, यावर एकाच माणसाचे मूल्यमापन किती बदलते, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

५

महाविद्यालयीन खेळातील प्रशिक्षकबदलाचा प्रश्न अमेरिकेत बास्केटबॉलच्या निमित्ताने सर्वाधिक चर्चिला जातो. त्या खेळाचा जनक जेम्स नैस्मिथ याने १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे तो प्रथम खेळविला आणि १८९८ ते १९०७ या काळात कॅन्सस विद्यापीठाच्या संघाला शिकविले. त्या वर्षांत त्याचा संघ पंचावन्न सामने जिंकला आणि साठ हरला. ज्याने खेळच निर्माण केला त्याचाच हिशेब तोट्याचा! परंतु त्याच्या हाताखाली खेळलेला फॉग ॲलन पुढे त्याच विद्यापीठात सुमारे चार दशके प्रशिक्षक होता. ॲलनच्या हाताखाली खेळलेले ॲडॉल्फ रप आणि डीन स्मिथ हे अनुक्रमे केंटकी आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांचे अत्यंत यशस्वी प्रशिक्षक झाले. संगीतातील घराण्याप्रमाणे ही परंपरा सांगता येते, आणि तिच्या मुळाशी जिंकण्यापेक्षा अधिक वेळा हरलेला शिक्षक उभा आहे.

ड्यूक विद्यापीठाच्या माइक शशेफ्स्की यांचे उदाहरण असेच वारंवार दिले जाते. १९८० मध्ये ते रुजू झाले. पहिल्या तीन हंगामांत त्यांचा संघ अडतीस सामने जिंकला, सत्तेचाळीस हरला. विद्यापीठाने त्यांना ठेवले. १९९१ मध्ये पहिले राष्ट्रीय विजेतेपद आले आणि २०२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती संख्या पाच झाली. मात्र या उदाहरणाचा उपयोग सावधपणे केला पाहिजे. संयम फळाला आला तेथील कथा लोकांच्या स्मरणात राहतात. संयम ठेवूनही काही न घडलेल्या ठिकाणांच्या कथा कोणी सांगत नाही. म्हणून शशेफ्स्की यांच्यावरून एवढेच सिद्ध होते की, तीन वर्षांचा निकाल हा शिकविणाऱ्याच्या योग्यतेचा निर्णायक पुरावा नव्हे. याहून अधिक सिद्ध होत नाही. परंतु एवढेही पुरेसे महत्त्वाचे आहे.

६

या कसोट्या जालना जिल्ह्यातील महाविद्यालयांना लावून पाहाव्यात. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. विद्यार्थी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतो, तेथून विद्यापीठाच्या संघात आणि तेथून आंतरविद्यापीठ स्पर्धेत जातो, अशी ही शिडी आहे. तिची पहिली पायरी भोकरदन, परतूर किंवा अंबडच्या महाविद्यालयाचे मैदान ही होय. मुंबईला मैदानांची आणि शालेय स्पर्धांची जी पूर्वतयारी लाभली, ती येथे फारशी नाही. येथे येणारा विद्यार्थी बहुधा प्रथमच नियमित सरावाला लागतो. म्हणजे ज्या ठिकाणी वस्तादाची गरज सर्वाधिक, ते हे ठिकाण.

प्रत्यक्षात रचना कोचची असते. शारीरिक शिक्षण संचालकाचे पद भरलेले असेल तेथे निदान एक माणूस वर्षानुवर्षे टिकतो. परंतु अनेक ठिकाणी काम तासिका तत्त्वावरील माणसावर सोपविले जाते. त्याची नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती, मोबदला तासावर, आणि पुढील वर्षी तो असेलच याची हमी नाही. स्पर्धेची तारीख आली की संघ निवडावा, दोन आठवडे सराव घ्यावा, हरल्यास अहवालात ‘सहभाग’ लिहावा, ही मग रीतच पडते. विद्यार्थी पदवीसाठी तीन वर्षे राहतो आणि शिकविणारा एकच वर्ष. अमेरिकेतील चर्चेत विद्यार्थी जातात आणि प्रशिक्षक किती काळ राहावा हा प्रश्न असतो. येथे शिकणाऱ्याच्या आधीच शिकविणारा निघून जातो. ‘अमुकांचा पठ्ठा’ असे म्हणण्याजोगा संबंध निर्माण होण्यापूर्वीच करार संपतो.

अपेक्षा मात्र कमी होत नाहीत. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये कूचबिहार करंडक स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. अशा एका उदाहरणावरून ‘जालन्यातूनही खेळाडू निघतात’ असे वाक्य तयार होते. त्यातील ‘निघतात’ हे अकर्मक क्रियापद पाहण्यासारखे आहे. धान्य शेतातून निघावे तसे खेळाडू निघतात. कोणी पेरले, कोणी पाणी दिले, हे विचारायचे नाही. वर पाहिलेल्या ‘बदलण्यात आला’ या रचनेचीच ही दुसरी बाजू होय. अपयशाच्या वाक्यात नेमणारा झाकला जातो, यशाच्या वाक्यात घडविणारा.

यावरून दोन गोष्टींची मागणी करता येते. पहिली अशी की, नेमणुकीची मुदत आणि मूल्यमापनाचे माप ही एकमेकांशी जुळावीत. एका वर्षासाठी नेमलेल्याकडून स्पर्धेची तयारी मागावी. परंपरा मागू नये. ज्याच्याकडून घडविण्याची अपेक्षा आहे, त्याला किमान एका तुकडीच्या प्रवेशापासून पदवीपर्यंतचा काळ द्यावा, आणि त्याचे माप निराळे ठेवावे : पहिल्या वर्षी मैदानावर आलेल्यांपैकी किती जण तिसऱ्या वर्षी खेळत राहिले, किती जण वरच्या पायरीवर गेले, किती जण परत येऊन धाकट्यांना शिकवू लागले. हे आकडे कोणत्याही महाविद्यालयाला साध्या वहीत ठेवता येतील. दुसरी मागणी भाषेची आहे. बदलाच्या ठरावात कर्ता लिहावा. समितीने बदलले असेल तर ‘समितीने बदलले’ असे म्हणावे आणि त्याच ठरावात समितीने संघाला काय दिले, मैदान, साहित्य, प्रवासखर्च, सरावाची वेळ, हेही नोंदवावे.

व्याकरणशास्त्रात ज्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दावाचून पुरा होत नाही, त्याला सापेक्ष म्हणतात. प्रशिक्षक हा शब्द तसा आहे. शिकणाऱ्यावाचून तो अपुरा राहतो. संस्थेच्या अपेक्षेने त्याचे पद भरते, अर्थ भरत नाही. पुढील वर्षी परतूरच्या किंवा भोकरदनच्या मैदानावर तीच मुले उभी असतील. त्यांना ओळखणारा माणूसही तेथे उभा असेल काय, हा प्रश्न जिंकण्याहरण्याच्या आधीचा आहे, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी प्रशिक्षकाची नाही.